एकाच दिवशी विझलेल्या भट्ट्या : महामारी, आर्थिक ताण आणि औंध मुलखातील परगावी गेलेली कुटुंबे

१. विषय आणि मुलूख

२०२० च्या टाळेबंदीत परगावच्या कष्टकऱ्यांची झालेली परवड महामार्गांवरून चालत निघालेल्या माणसांच्या छायाचित्रांमुळे देशाच्या डोळ्यांसमोर आली. पण ती माणसे घरी पोचल्यावर पुढे काय झाले, घरात आलेल्या चार जादा तोंडांची सोय कोणी लावली, थकलेले हप्ते कोणी भरले आणि त्यासाठी काय गहाण पडले, हा हिशेब फारसा मांडला गेला नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा हिशेब आहे, आणि तो औंधच्या जुन्या संस्थानी मुलखातून व त्याच्या आसपासच्या तालुक्यांतून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभर गेलेल्या कुटुंबांच्या आधारे मांडला आहे.

दोन संज्ञांचा अर्थ आरंभीच स्पष्ट केलेला बरा. आर्थिक ताण म्हणजे केवळ गरिबी नव्हे. कुटुंबाचे उत्पन्न आणि त्याचे अटळ खर्च यांत पडलेली तफावत, ती केव्हा भरून निघेल याची अनिश्चितता आणि त्या अनिश्चिततेने मनावर आलेले ओझे, या तिन्हींचा त्यात समावेश होतो. सामना म्हणजे ही तफावत भरण्यासाठी कुटुंबाने केलेले उपाय, मग ते काटकसरीचे असोत, उसनवारीचे असोत, की शेत विकण्याचे. महामारीच्या काळात कुटुंबांनी दाखवलेल्या चिवटपणाचे पुष्कळ कौतुक झाले. या व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, ज्याला चिवटपणा म्हटले गेले तो बऱ्याच अंशी भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकण्याचा प्रकार होता. तो शहरावरून गावावर, पुरुषांच्या कमाईवरून बायकांच्या दागिन्यांवर आणि चालू वर्षावरून मुलांच्या पुढच्या वर्षांवर ढकलला गेला.

जुन्या औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. खुद्द औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, कुंडल आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडीही सांगलीतच आहे. या मुलखाचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणजे पश्चिमेचे वारे घाटमाथ्यावर पाऊस टाकून कोरडे होऊन इकडे येतात. त्यामुळे एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना माण-खटावाच्या वाट्याला पाचशेच्या आसपास मिलिमीटर येतो, आणि तोही भरवशाचा नसतो. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी अलीकडे आटपाडी-खानापूरच्या काही शिवारांत पोचले असले, तरी त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी बाजरी-शाळूच्या कोरडवाहू शेतीला परगावच्या कमाईची जोड देऊनच घर चालवले. साताऱ्याच्या पश्चिमेकडील माणूस मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेला. पूर्वेकडील खटाव, माण, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ व जत या पट्ट्यातील पुष्कळ माणसे गलाईला गेली.

२. विखुरलेली जोखीम

गलाई म्हणजे जुने दागिने आणि सोनाराच्या दुकानातील केरमाती यांतून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढण्याचा व्यवसाय. अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून ते मुशीत वितळवतात, त्याचे दाणे किंवा पातळ पत्रे करून ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, तापवतात. चांदी आणि तांबे आम्लात विरघळतात व तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपात सोने उरते. ते धुऊन पुन्हा वितळवले की त्याला झळाळी येते, आणि उरलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की विरघळलेली चांदी पुन्हा खाली बसते. या कामात उठणारे तांबूस धूर श्वसनमार्गाला घातक असतात, तरीही ते बहुधा सराफ कट्ट्याच्या बोळातील एखाद्या भाड्याच्या खोलीतच चालते. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र, बंगाल, दिल्ली, पंजाब अशा दूरदूरच्या बाजारपेठांत या मुलखातील दुकाने आहेत, आणि सांगली जिल्ह्यातील विटा हे त्या सर्वांचे गावाकडचे प्रमुख केंद्र मानले जाते.

या धंद्याची बांधणी भावकीवर झालेली आहे. गावातील किंवा नात्यातील एखादा पोरगा हाताखाली घेतला जातो, तो दुकानमालकाच्याच घरी राहतो-जेवतो, चार-पाच वर्षांत हात बसला की दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी लावतो आणि त्यासाठी लागणारे भांडवल मालक, सासुरवाडी व भिशी यांतून उभे करतो. सोनार लाखो रुपयांचा ऐवज पावतीवाचून केवळ शब्दावर हवाली करतो, त्यामुळे विश्वास हेच या धंद्याचे खरे भांडवल ठरते, आणि तो टिकवायचा तर धाकट्या भावाची भट्टी थोरल्याच्या नावावर चालते, एकाचा तोटा दुसरा भरून देतो.

कुटुंबाने एका भावाला गावी, दुसऱ्याला कोइमतूरला आणि तिसऱ्याला कोलकात्याला ठेवणे हा केवळ योगायोग नसतो. स्थलांतराचा निर्णय एकटी व्यक्ती जास्त मजुरीच्या मोहाने घेते, हा जुना समज ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ साली खोडून काढला. त्यांच्या मते हा निर्णय बहुधा कुटुंबाचा असतो आणि त्यामागे जोखीम वाटून घेण्याचा हेतू असतो. गावी पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी बंगालची बाजारपेठ ठीक चाललेली असते. केरळात मंदी असते तेव्हा गावचा शाळू घरात येतो. निरनिराळ्या ठिकाणची संकटे एकाच वेळी येत नाहीत, या एका गृहीतावर ही सारी व्यवस्था उभी आहे. विमा कंपनी नाही, सरकारी हमी नाही, अशा मुलखाने नात्यांच्या जाळ्यातून स्वतःसाठी उभा केलेला हा विमाच होता, आणि १९७२ च्या दुष्काळासह अनेक वाईट वर्षांत त्याने पुष्कळ घरे तगवली.

३. मार्च २०२०

महामारीने नेमके हे गृहीत मोडले. अर्थशास्त्रात एका घरावर कोसळणारे संकट आणि सर्वांवर एकदम कोसळणारे संकट यांत भेद केला जातो. पहिल्यात शेजारी, भावकी, भिशी मदतीला येऊ शकतात. दुसऱ्यात मदत करणाराच बुडालेला असतो. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा कोचीची, कोइमतूरची आणि कोलकात्याची भट्टी एकाच दिवशी विझली, आणि ज्या भावांनी एकमेकांना सांभाळायचे तेच एकाच वेळी हात चोळत बसले.

तो दिवस गुढीपाडव्याचा होता, ही बाब या कुटुंबांच्या हिशेबात मोठीच आहे. पाडवा, केरळातील विषू आणि २६ एप्रिलला आलेली अक्षय्य तृतीया हे सोनेखरेदीचे मुहूर्त, त्यांच्या मागेपुढे लग्नसराई, आणि सराफाच्या पेढीवर गर्दी असली तरच गलाईच्या भट्टीत काम. वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा ज्या दहा-बारा आठवड्यांत मिळवायचा, तेच आठवडे बंदीत गेले. दुकानाचे भाडे, राहत्या खोलीचे भाडे, मुलांची फी, हाताखालच्या पोरांचे जेवण आणि गावी बांधायला काढलेल्या घराचे हप्ते मात्र थांबले नाहीत. शेतमजुराला खुरपे घेऊन दुसऱ्या शिवारात जाता येते. तेजाब, भट्टी आणि विश्वासातले गिऱ्हाईक यांना बांधलेल्या कारागिराला दुसरे काम शोधणेही सोपे नव्हते.

१ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. प्रवासाचे परवाने मिळवून, खासगी वाहनांना चढे भाडे मोजून पुष्कळ कुटुंबे गावी आली. तेथे जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा रानातल्या वस्तीवर १४ दिवस विलगीकरणात राहायचे, मग घरी जायचे, असा रिवाज ठिकठिकाणी पडला. गावाची भीती अनाठायी नव्हती, कारण त्याच मार्चच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे परदेशातून परतलेल्या प्रवाशांमुळे एकाच कुटुंबात झालेला संसर्ग राज्यभर गाजला होता. परंतु ज्यांच्या पैशांतून गावची यात्रा आणि देवळाचा जीर्णोद्धार होत आला, त्यांच्याकडे पाहून दारे लावली गेली, याची सल त्या घरांना लागली.

या मुलखाला असा अनुभव नवा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले, आणि पुढील काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. त्यांत साताऱ्याचे गिरणीकामगार होते. प्लेग गावात शिरला की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर साथ, त्याच वर्षी हुकलेला पाऊस आणि महायुद्धाने भडकलेली महागाई ही तिन्ही संकटे एकत्र आणली, आणि जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणीकामगारांनी केलेल्या संपामागे या महागाईचे मोठे कारण होते. साथीचा आजार हा नेहमीच मजुरीचा आणि धान्याच्या भावाचाही प्रश्न असतो, हे त्या संपाने शतकापूर्वीच दाखवून दिले होते.

४. सामन्याच्या पायऱ्या

दुष्काळांच्या अभ्यासातून असे आढळले आहे की संकटात सापडलेले कुटुंब उपाय वाटेल त्या क्रमाने करत नाही. आधी ते असे उपाय करते, जे पुढे उलटवता येतात: खाण्यापिण्यात काटकसर, शिल्लक मोडणे, हातउसने घेणे. नंतर ते वस्तू गहाण टाकते. आणि अगदी शेवटी ते असे काही विकते, जे पुन्हा मिळत नाही: अवजार, जमीन, मुलाचे शिक्षण. एखादे कुटुंब ‘तगले’ असे म्हणण्यापूर्वी ते कितव्या पायरीवर जाऊन तगले, हे पाहिले पाहिजे.

पहिल्या पायरीवर भिशी होती. समजा, वीस जण दरमहा पाच हजार रुपये टाकतात आणि जमलेले लाख रुपये सोडतीने किंवा बोलीने एकाला मिळतात. वीस महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते, आणि बँकेचे उंबरठे न झिजवता दुकानाची अनामत किंवा बहिणीचे लग्न निभावते. ही व्यवस्था सर्वांची कमाई चालू आहे तोवरच चालते. सर्वांची कमाई एकाच महिन्यात थांबली तेव्हा ज्यांनी आधी रक्कम उचलली होती त्यांना पुढचे पैसे टाकता येईनात, आणि ज्यांची पाळी शेवटी होती त्यांची बचत अडकली. सर्वांत संयमाने थांबलेला माणूस सर्वाधिक बुडाला, आणि बुडवणाराही बहुधा भावकीतलाच असल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न उरला.

दुसरी पायरी सोने तारणाची. परक्याचे सोने गाळून ज्यांनी घर उभे केले, त्यांच्या बायकांचे गंठण आणि पाटल्या आता पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या तिजोरीत गेल्या. मार्चमध्ये दहा ग्रॅमला चाळीस हजारांच्या आसपास असलेला सोन्याचा भाव ऑगस्ट २०२० मध्ये ५५ हजारांपुढे गेला, आणि ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने तारण सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत असलेली बँक-कर्जाची मर्यादा मार्च २०२१ अखेरपर्यंत ९० टक्के केली. कर्ज सहज मिळाले, आणि ते त्या दिवसांत हवेही होते. परंतु ५५ हजारांच्या शुद्ध सोन्यावर ९० टक्क्यांनी घेतलेले कर्ज ४९,५०० रुपये होते; मार्च २०२१ पर्यंत भाव ४५ हजारांच्या आसपास उतरला तेव्हा त्या कर्जाची रक्कम गहाण सोन्याच्या किमतीहून मोठी झाली, आणि वर व्याज चालूच होते. हे सोने बहुतेक घरांत बाईच्या मालकीची एकमेव मत्ता असते, माहेराहून आलेली आणि अडचणीच्या दिवसासाठी राखलेली. अडचण सगळ्या घराची होती, ती निवारली मात्र तिच्या एकटीच्या मालकीतून, आणि दागिने सोडवून आणण्याची वेळ हप्ते, फी व भाडे यांच्यानंतर सर्वांत शेवटी येते.

तिसरी पायरी मुलांची. तमिळ किंवा मल्याळम वातावरणात शाळेच्या काही इयत्ता काढलेले मूल गावच्या मराठी शाळेत येते तेव्हा ते अभ्यासात मागे पडते, आणि त्या वर्षी तर शाळाच मोबाइलवर भरत होती व घरात मोबाइल एकच होता. वयात आलेल्या मुलाला भट्टीवर नेणे आणि मुलीचे लग्न उरकून टाकणे ही अशा वेळी घरात सुचणारी सोय असते, आणि तिचा तोटा कोणत्याही खतावणीत दिसत नाही.

या सर्वांवर अब्रूचे ओझे होते. गावात गलाईवाल्याला शेठ म्हणतात. यात्रेच्या वर्गणीत त्याचा आकडा मोठा असतो. रेशनच्या रांगेत उभे राहणे किंवा रोजगार हमीच्या कामावर माती उचलणे त्याला जड गेले, आणि आपली पडझड त्याने भावापासूनही लपवली. त्यामुळे ज्या घराची अवस्था सर्वांत बिकट होती तेच घर बाहेरून सर्वांत सुस्थितीत दिसत होते. आर्थिक ताणाचा मानसिक भाग तो हाच: मदत मागण्याचा मार्गच बंद झालेला असतो.

५. सार्वजनिक आधार आणि त्यातून वगळलेले

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्डधारकांना एप्रिल २०२० पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळाले, त्याने भुकेला मोठा आवर बसला. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये आले. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते आधी तीन आणि मग आणखी तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातील सर्व रहिवाशांसाठी खुली झाली.

पण प्रत्येक योजनेला एक अट होती, आणि परगावी गेलेले कुटुंब नेमके त्या अटीपाशी अडले. रेशन कार्ड गावी, माणूस परराज्यात. आणि एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याच्या व्यवस्थेत तमिळनाडू व पश्चिम बंगाल ही राज्ये एप्रिल २०२० मध्ये आलेली नव्हती. आरोग्य योजना महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी, आणि आजारी माणूस तिरुचिरापल्लीत. हप्त्यांची सवलत बँकांच्या कर्जाला होती, भिशीला आणि हातउसन्याला नव्हती. बँकेच्या कर्जावरही व्याज थांबले नव्हते, त्यामुळे वार्षिक ८ टक्क्यांच्या पाच लाखांच्या कर्जावर सहा महिन्यांत सुमारे २० हजार रुपयांची भर पडली. मे २०२० मध्ये लहान उद्योगांसाठी आलेली हमीची कर्जे २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्यांच्या नावावर आधीच कर्जाची बाकी होती त्यांनाच, त्या रकमेच्या प्रमाणात मिळाली. ज्याने सगळे भांडवल नात्यातून उभे केले त्याच्या नावावर असे कर्जच नव्हते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा ठेकेदाराने नेलेल्या मजुरांपुरता होता. स्वतःच्या पायांनी गेलेला कारागीर त्याच्या व्याख्येत बसत नव्हता. शासनाच्या लेखी तो मजूर नव्हता, उद्योजक नव्हता आणि जेथे होता तेथला रहिवासीही नव्हता.

याच मुलखात बाहेरून येणाऱ्यांची अवस्था आणखी बिकट होती. मराठवाड्यातून व नगर जिल्ह्यातून सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर आलेल्या ऊसतोडणी कामगारांची कोपी, म्हणजे झोपडी, फडाजवळच्या मोकळ्या रानात असते, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, कामातून फेडायची असते. टाळेबंदीत ती माणसे फडावरच अडकली आणि एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना घरी जाण्याची परवानगी मिळाली. गलाईवाल्याला परगावी जे सोसावे लागले, तेच त्याच्या गावाशेजारच्या फडावर दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस सोसत होता. न्याय मागायचा तो दोघांसाठी मागितला पाहिजे.

६. जुने दाखले, पुढचा मार्ग

या प्रश्नाची उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सातारा-सांगलीच्या इतिहासात त्यांचे तीन दाखले आहेत.

पहिला दाखला माथाडी, म्हणजे हमाल, कामगारांच्या कायद्याचा. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या बाजारात गेलेल्या हमालाचा मालक रोज बदलत असे, म्हणून त्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ चा कायदा आला. त्याने कामगाराची नोंद एका मालकाकडे न ठेवता मंडळाकडे केली. मजुरीबरोबर मालकांकडून लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत व इतर लाभ देण्याची सोय झाली. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

दुसरा दाखला रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात त्याचा विस्तार झाला, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि त्याच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरांतील पगारदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. शहराच्या कमाईतून खेड्याच्या जोखमीचा वाटा उचलणे हे दान म्हणून नव्हे, तर कायदा म्हणून महाराष्ट्राने स्वीकारले होते.

तिसरा दाखला खुद्द औंधचा. १९३९ साली संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला व ग्रामपंचायतीला त्याचा पाया केले. आपल्या गावचा माणूस कोण, तो कोठे आहे आणि त्याला काय कमी आहे, हे गावाइतके कोणालाही ठाऊक नसते, या विश्वासावर तो प्रयोग उभा होता.

या तीन दाखल्यांतून तीन कामे निघतात. ग्रामपंचायतीने परगावी असलेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवावी आणि ती दरवर्षी ताजी करावी, म्हणजे संकटात कोणाला कोठे मदत पोचवायची हे शोधत बसावे लागणार नाही. ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत स्वयंरोजगार करणाऱ्यालाही जागा आहे, तिला या नोंदवहीची जोड मिळावी. रेशन, दवाखाना आणि शाळा हे हक्क माणसामागे चालावेत. राहण्याचा पत्ता बदलला म्हणून ते खंडित होऊ नयेत. आणि गलाईसारख्या विखुरलेल्या व्यवसायांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर अंशदानाचा कल्याणनिधी असावा, ज्यातून एकाच वेळी सर्वांची कमाई थांबली तरी काही महिन्यांचा निर्वाह आणि भट्टीच्या धुराने होणाऱ्या आजारांवर उपचार मिळतील. भावकीचे जाळे एका घराला सावरू शकते; सर्व घरांवर एकदम कोसळणारे संकट पेलण्याची ताकद फक्त सार्वजनिक निधीत असते, कारण तो सगळ्या राज्यातून आणि चांगल्या वर्षांतून गोळा झालेला असतो.

२०२० मध्ये अशा सार्वजनिक निधीची उणीव कुटुंबांनी स्वतःच्या अंगावर झेलली आणि घरातील बायकांनी व मुलांनी तिची किंमत सर्वाधिक मोजली. त्यांच्या सोसण्याचे कौतुक करून थांबणे म्हणजे पुढच्या संकटातही तेच त्यांच्याकडून गृहीत धरणे होय. दुष्काळाच्या या मुलखातूनच कामाच्या हक्काचा विचार निघाला आणि २००५ मध्ये तो देशाचा कायदा झाला. परगावी गेलेल्या माणसामागे चालणारा हक्क मिळवण्याची मागणीही याच मुलखाने पुढे न्यावी, कारण तिची गरज त्याने आपल्या घरात पाहिली आहे.